दोन काठांचा डोह

सोनखडी ही काही मोठी नदी नव्हे. मेळघाटाच्या उत्तर टोकाला डोंगरातून निघते आणि तापीला मिळण्याआधी तिचा एक तुकडा दोन राज्यांच्या मधून वाहतो. अलीकडच्या काठावर अमरावती जिल्ह्यातलं कहूढाणा, पलीकडच्या काठावर मध्य प्रदेशातलं आमझिरी. इकडे रेशन धारणीहून यायचं, तिकडे बऱ्हाणपूरहून. निवडणुका वेगवेगळ्या महिन्यांत व्हायच्या. बाकी दोन्ही गावं कोरकूंची, सोयरीक एकमेकांत, आणि मधला डोह दोघांचा.

निखत या डोहाकडे पहिल्यांदा गेली ती २००९ च्या उन्हाळ्यात. अमरावतीच्या एका कॉलेजात ती भूशास्त्र शिकवायची. घर अकोल्याचं. अकोट फैलात तिच्या वडिलांचं, अब्दुल गफ्फार यांचं, मोटर वाइंडिंगचं दुकान होतं. लग्नाचं बघू बघू म्हणता ती छत्तिशी ओलांडून गेली होती आणि घरच्यांनी तो विषय आता सोडून दिला होता. कॉलेजातल्या गोवर्धन सरांना बाहेरच्या एका संस्थेकडून संशोधनाचं काम मिळालं होतं: दोन राज्यांत वाटल्या गेलेल्या लहान नद्या, बदलतं हवामान, आणि त्या काठांवरच्या आदिवासींना पाण्याचं जे कळतं ते. सरांचे गुडघे डोंगरात चालत नव्हते. म्हणून काम निखतकडे आलं.

ती वर्षं वऱ्हाडात वाईट होती. पेपर उघडला की कापूस पट्ट्यातल्या मरणाच्या बातम्या, सरकारी पॅकेजं, पाहणीला आलेली पथकं. पथकांच्या गाड्या परतवाड्यापर्यंत येत आणि तिथून मागे फिरत. वर घाटात चढायचं कोणाला सुचत नसे. निखतला वाटायचं, निदान आपण चढतो आहोत.

पहिल्याच दिवशी तिची माणिकबाईशी गाठ पडली आणि ती भांडणातच पडली. निखतनं पाण्याची पातळी कळावी म्हणून डोहात एक लोखंडी मोजपट्टी गाडली होती. जेवून परत येते तर पट्टी उपटून काठावर आडवी टाकलेली, आणि शेजारी तंबाखू मळत एक बाई बसलेली. पन्नाशी उलटलेली, काटक, आणि नजर अशी की जणू निखतच तिच्या घरात न विचारता शिरली होती.

"काहून व म्याडम, हे लोखंड इथं काहून गाडलं?"

"पाणी मोजायला, मावशी. सरकारी काम आहे."

"सरकार तिकडं धारणीले. इथं देव बसते. खालच्या अंगाले लाव, मी दाखवतो."

खालच्या अंगाला पट्टी लावली तर आकडे जरा वेगळे येणार होते. निखत चिडली, पण तिनं पट्टी हलवली. संध्याकाळी माणिकबाईनं तिला घरी नेऊन साखर ओतलेला चहा पाजला आणि दोन्ही काठांवरच्या निम्म्या माणसांची उणीदुणी काढली. त्यातूनच निखतला सगळं कळत गेलं. माणिकबाईचं माहेर आमझिरीचं, सासर कहूढाण्याचं. दोन्हींच्या मध्ये एक डोह. तिचा नवरा डोह राखायचा. तो वारल्यावर ते काम तिच्याकडे आलं, कारण त्यात भांडणं फार होती आणि दुसऱ्या कोणाला ती अंगावर घ्यायची नव्हती.

डोह राखायचा म्हणजे काय, तर होळीनंतर त्यात जाळं टाकू द्यायचं नाही. मधल्या शेंदूर लावलेल्या खडकाच्या वरच्या अंगाला म्हशी उतरू द्यायच्या नाहीत. काठावरचं कहूचं, म्हणजे अर्जुनाचं, झाड कोणी तोडलं तर दोन्ही गावांना बोलावून त्याला दंड करायचा. आणि उन्हाळा चढला की खेकड्यांची बिळं बघायची. खेकडा बिळाच्या तोंडाशी चिखल आणून टाकतो. तो चिखल किती ओला, कुठल्या रंगाचा, यावरून पाणी किती खाली गेलं त्याचा अंदाज यायचा आणि माणिकबाई सांगायची, आता वाळूत झिरा अमुक ठिकाणी खोदा. दोन्ही गावं तिथं खोदत आणि प्यायचं पाणी भरत. कधी चुकायचंही. मग लोक तिला शिव्या घालत आणि ती त्यांना दुप्पट घाले.

निखत हे सगळं लिहून घेत होती आणि आपल्या पद्धतीनंही मोजत होती. दोन उन्हाळे ती येत-जात राहिली. माणिकबाईला हळूहळू तिची सवय झाली. मोजपट्टीवर पोरं दगड मारू लागली तर आता तीच त्यांच्या अंगावर धावून जायची.

दुसऱ्या उन्हाळ्यात मात्र माणिकबाई गप्प गप्प दिसू लागली. होळी अजून यायची होती. एका सकाळी ती निखतला नदीत घेऊन गेली आणि खडकाच्या खालच्या बाजूला एक बीळ दाखवलं. तोंडाशी चिखल नव्हता. कोरडी माती होती, भुग्यासारखी.

"खेकडे उतरून राहिले," ती म्हणाली. "वैशाखात उतरते ते. आता काहून उतरून राहिले?"

"खाली ओल असेल, म्हणून."

"ओल कुठं हाये ते त्याईलेच ठाव. मले नाही समजून राहिलं." ती भुगा माती बोटांत चुरत म्हणाली, "मागच्या साली बी मले नाही समजलं. मी लोकाईले अंदाजानं सांगितलं."

निखतनं आपल्या वहीतले आकडे पाहिले. वरच्या अंगाला, पलीकडच्या राज्यात, मोठ्या शेतकऱ्यांनी सोयाबीन आणि गव्हासाठी डिझेल इंजिनं लावली होती. अलीकडे डोंगर उघडा पडत होता. पाऊस तेवढाच, पण चार दिवसांत धो धो येऊन जाणारा. जमिनीत मुरायला त्याला सवड नव्हती. तिच्या हिशोबानंही पाणी दरवर्षी खाली चाललं होतं. माणिकबाईचं आणि तिचं पहिल्यांदाच एकमत झालं होतं.

त्याच महिन्यात दोन्ही गावांची बैठक झाली, खडकापाशी, नेहमीसारखी. पलीकडून माणिकबाईचा धाकटा भाऊ श्रावण आला होता. आमझिरीच्या लोकांना वरच्या इंजिनवाल्यांशी भांडण नको होतं, कारण त्यांच्याच शेतात ते मजुरीला जात. बोलता बोलता माणिकबाई भावावर उखडली. कोरकूत सुरू झालेलं भांडण निखतला कळावं म्हणून की काय, ती मध्येच वऱ्हाडीवर आली.

"ही नदी मरून राहिली, समजलं काय? माह्या नातवाले हिचं पाणी भेटत नाही. लिहून घे म्याडम. कहूढाण्यात मानूस राहत नाही मंग."

निखतनं ते लिहून घेतलं. ते खरं होतं, आणि इतक्या कमी शब्दांत तिला स्वतःला सांगता आलं नसतं.

अहवालात तिनं मांडलं की वरच्या ओढ्यांवर दोन्ही राज्यांनी मिळून दगडी बांध घालावेत, उन्हाळ्यात इंजिनं बंद ठेवावीत, आणि डोहाचे नियम आहेत तसे धरून दोन्ही गावांची एकच समिती करावी. शेवटी एक वाक्य होतं: हे उपाय झाले नाहीत तर दहा-बारा वर्षांत सोनखडीचा उन्हाळी प्रवाह थांबेल आणि कहूढाण्याला पिण्याचं पाणी उरणार नाही. गोवर्धन सरांनी ते वाक्य ठळक अक्षरांत करून घेतलं. म्हणाले, "याच्याशिवाय कोणी हलणार नाही."

अमरावतीला दोन्ही राज्यांचे अधिकारी एका टेबलाशी बसले तेव्हा निखतला आशा वाटली होती. दुपारपर्यंत ती ओसरली. तिकडचे म्हणाले, बांध घालायला आमची हरकत नाही, पण पाणी अडलं तर ते कोणाच्या वाट्यात धरायचं ते आधी ठरवा. इकडचे म्हणाले, वाटा ठरवणं आमच्या अधिकारात नाही. मग जेवण झालं. पुढची बैठक बऱ्हाणपूरला घ्यायचं ठरलं आणि ती कधी झालीच नाही.

पुढच्या वर्षी कहूढाण्यात ग्रामसभा बोलावली गेली. गाव वाघांच्या जंगलात येत होतं आणि खाली सपाटीवर त्याचं पुनर्वसन करायची चर्चा कित्येक वर्षं चालू होती. लोकांनी आजवर दाद दिली नव्हती. निखतला श्रावणनं फोन करून सांगितलं तेव्हा ती पहाटेच्या एसटीनं निघाली आणि दुपारी पोहोचली. शाळेसमोर चिंचेखाली गाव बसलं होतं. पुनर्वसनाचे साहेब खुर्चीवर. माणूस नम्र होता, आवाज चढवत नव्हता. त्यांच्या हातात निखतचा अहवाल होता.

"मी माझ्या पदरचं सांगत नाही," ते म्हणाले. "कॉलेजच्या तज्ज्ञांनी दोन वर्षं इथं राहून लिहिलंय. दहा-बारा वर्षांत सोनखडीचा उन्हाळी प्रवाह थांबेल आणि कहूढाण्याला पिण्याचं पाणी उरणार नाही. तुमच्या माणिकबाईचंही म्हणणं यात आहे. कहूढाण्यात माणूस राहणार नाही, असं त्या म्हणाल्यात. माणिकबाई, म्हणाल्या होत्या ना?"

सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या. माणिकबाई उभी राहिली. नाही म्हणाली असती तर कोणी तिला खोटं पाडलं नसतं.

"म्हटलं होतं," ती म्हणाली. "खरं हाये ते." आणि खाली बसली.

निखत उठली. "साहेब, वाक्य अर्धं वाचलंत. पूर्ण वाचा."

साहेबांनी पान पुन्हा उघडलं आणि पूर्ण वाक्य सावकाश, नीट वाचलं. हे उपाय झाले नाहीत तर. मग त्यांनी अहवाल मिटून मांडीवर ठेवला.

"बरोबर आहे मॅडम. माझी चूक झाली. आता तुम्हीच सांगा या लोकांना. हे उपाय कोण करणार आहे?"

"दोन्ही सरकारांनी..."

"केव्हा?"

चिंचेखाली बसलेली माणसं तिच्याकडे बघत होती. त्यांच्या नजरेत राग नव्हता. उत्तराची वाट होती, आणि जरा वेळानं तीही गेली.

माणिकबाईचा मुलगा बुधाजी त्या दिवशी सही करणाऱ्यांत पहिला होता. त्याचं पहिलं पोर पावसाळ्यात दवाखान्याच्या वाटेवर, नाल्याला पूर आलेला असताना, त्याच्याच खांद्यावर दगावलं होतं. खाली डांबरी रस्ता होता, दवाखाना होता, शाळेत मास्तर रोज येत होते. त्याला कोण काय सांगणार. त्याच्यानंतर आईनंही अंगठा उठवला.

नवी वस्ती अकोल्याच्या उत्तरेला, पूर्णेच्या खोऱ्यात मिळाली. निखतनं घरी जागेचं नाव सांगितलं तेव्हा अब्बा जेवत होते. त्यांचा घास हातातच राहिला.

"वो तो खारपान पट्टा है," ते म्हणाले. "वहाँ के पानी में मोटर की बॉडी गल जाती है, बेटा."

हे अकोल्यात सगळ्यांनाच माहीत होतं. निखतला तर भूशास्त्राच्या भाषेतही माहीत होतं. त्या पट्ट्याची खारी जमीन आणि खारं पाणी ती दरवर्षी मुलांना शिकवायची. तिनं अर्ज केले, फोटो जोडले, पाण्याचे नमुने तपासून जोडले. उत्तर यायचं की गोड्या पाण्याची पाइपलाइन मंजूर आहे, निधी येताच काम सुरू होईल. उत्तर देणारे साहेब बदलले, उत्तर बदललं नाही.

वस्तीवर ती गेली तेव्हा पावसाळा संपला होता. काळी, सपाट जमीन, भेगाळलेली, जिथवर नजर जाईल तिथवर एकच बाभूळ. एका रांगेत पत्र्याची घरं. माणिकबाईनं ओळखीच्या आवाजात "ये व" म्हटलं, बसायला पोतं टाकलं, चुलीवर आधण ठेवलं आणि मग कोरा चहा पुढे केला.

"दूध टाकलं की फाटते," ती म्हणाली. "साखर बी लागत नाही त्याले. गोडच नाही होत."

डाळ शिजत नव्हती. साबणाला फेस येत नव्हता. पोरांची पोटं बिघडलेली. दर तीन-चार दिवसांनी टँकर यायचा आणि त्याच्यावर अशी झुंबड उडायची की एकदा दोन कोरकू बायांची एकमेकींच्या झिंज्या उपटण्यापर्यंत मजल गेली. कहूढाण्यात माणिकबाईनं अशी भांडणं क्षणात मिटवली असती. इथं ती दारातून बघत राहिली. टँकरच्या पाण्यावर तिचा शब्द चालत नव्हता.

"मावशी, इथं कुठं गोडं पाणी लागेल असं वाटतं का तुला?" निखतनं विचारलं. विचारताना तिला स्वतःचीच लाज वाटली.

माणिकबाईनं बाहेरच्या काळ्या जमिनीकडे पाहिलं. "मले इथलं काहीच नाही समजत," ती म्हणाली. "खेकडा नाही, झाड नाही. कोनाले विचारू?"

इकडे अहवालाचं बरं चाललं होतं. कुठल्याशा परदेशातल्या परिषदेत गोवर्धन सरांनी तो मांडला, त्याचं पुस्तक निघालं, मुखपृष्ठावर डोहाकाठी बसलेल्या माणिकबाईचा फोटो. सरांनी एक प्रत निखतला दिली आणि एक "तिच्यासाठी" दिली. ती दुसरी प्रत निखतच्या कपाटात राहिली. सर वाईट नव्हते. त्यांना खरंच वाटत होतं की पुढच्या कुठल्यातरी नदीला याचा उपयोग होईल.

वस्तीतली काही घरं तिसऱ्या वर्षी कंटाळून डोंगराकडे परत निघाली. बिऱ्हाडं डोक्यावर घेऊन ती घाट चढली, मोडक्या घरांच्या जागी झोपड्या उभ्या केल्या, आणि आठवड्याभरात ट्रकमध्ये बसवून खाली आणली गेली. माणिकबाई त्यांच्यात नव्हती. बुधाजीला मुतखड्यानं धरलं होतं. तो दिवसदिवस खाटेवर कण्हत पडायचा आणि घरात कमावणारी फक्त सून उरली होती. पण उन्हाळ्यात श्रावणकडे लग्न निघालं तेव्हा माणिकबाईनं निखतला विचारलं, "मले माहेराले नेशीन काय?"

कहूढाण्याची वाट जंगल खात्यानं बंद केली होती. म्हणून निखतनं गाडी केली आणि लांबचा वळसा घालून, राज्याची हद्द ओलांडून, दोघी पलीकडून आमझिरीत उतरल्या. निघायलाच उशीर झाला होता; लग्न कालच होऊन गेलं होतं. मांडव अजून उभा होता. माणिकबाई भावाकडे पाणीसुद्धा न पिता थेट नदीकडे चालू लागली. निखत आणि श्रावण तिच्यामागून.

डोह नव्हता. मोठमोठे पांढरे धोंडे उन्हात पडले होते, त्यांच्यामध्ये तो खडक, शेंदूर अजून ओळखू येणारा. काठावरच्या कहूंचे शेंडे वाळले होते. पलीकडे कहूढाण्याच्या जागी गवत आणि घाणेरी माजली होती.

"वर दीवार बांध दी," श्रावण निखतला म्हणाला. "पहले बांधने आते थे तो उस किनारेवाले भी बोलते थे, हम भी बोलते थे. वो लोग उठ गए. हम अकेले क्या बोलते?" वरच्या अंगाला मातीचं मोठं धरण झालं होतं. पाणी कालव्यानं दूरच्या गव्हाच्या शेतांना जात होतं. आमझिरीच्या वाट्याला त्यातलं काही आलं नव्हतं. दिवाळीनंतर आमझिरीचीही निम्मी घरं सुरतेकडे कामाला जायची होती, श्रावणचं त्यांत एक.

निखतनं मनातल्या मनात हिशोब केला. तिनं दहा-बारा वर्षं लिहिली होती. चारच लागली होती.

माणिकबाई खडकाच्या खालच्या बाजूला गुडघ्यांवर बसली आणि हातांनी वाळू उपसू लागली. आधी कोरडी वाळू निघाली, मग गडद. तिचा हात कोपरापर्यंत आत गेला, मग खांद्यापर्यंत. ती आडवी झाली, गाल वाळूला टेकवून तळाशी चाचपडत राहिली. निखत वाट बघत होती. श्रावण बघत नव्हता; त्यानं तिकडे पाठ केली होती.

हात बाहेर आला तेव्हा त्याला ओली वाळू चिकटलेली होती. तिनं ती मुठीत दाबून पाहिली. पाण्याचा थेंब सुटला नाही. वाळूबरोबर एका खेकड्याचं रिकामं कवच आलं होतं, पांढरं पडलेलं. तिनं ते बाजूला ठेवलं आणि खड्डा पुन्हा बुजवायला घेतला.

"राहू दे ना मावशी."

"जनावर पडन," माणिकबाई म्हणाली.

परतीच्या वाटेवर ती गाडीत झोपून गेली. धारणी आलं, परतवाडा आला, तरी उठली नाही. वस्तीवर उतरताना मात्र तिनं निखतच्या डोक्यावरून हात फिरवला, हे पहिल्यांदाच. निखतला रडू आवरणं कठीण गेलं. माणिकबाईच्या डोळ्यांत काही नव्हतं.

त्या दिवाळीनंतर बुधाजीनं आपलं बिऱ्हाड तिथूनही हलवलं. डॉक्टरांनी सांगितलं होतं, हे पाणी पिऊ नको. बार्शीटाकळीच्या बाजूला एका मळ्यावर त्याच्या बायकोला काम मिळालं, राहायला मळ्यातलीच खोली. पाणी तिकडचं गोडं, पण फार खोल गेलेलं. निखतला पत्ता शोधायला वेळ लागला. एका रविवारी अकोल्याहून ती तिकडे गेली तेव्हा खोलीवर फक्त बुधाजी होता, भिंतीला टेकून बसलेला.

"माय ओमप्रकाशसेठच्या वावरात गेली," तो म्हणाला. "पानी दाखवाले."

निखतला वाटलं तिनं चुकीचं ऐकलं. ती बांधाबांधानं तिकडे गेली. कापसाच्या पऱ्हाट्या उभ्या असलेल्या शेतात आठ-दहा माणसं जमली होती. मध्ये माणिकबाई. तिच्या उजव्या तळहातावर सोललेला नारळ आडवा ठेवलेला आणि ती शेतातून सावकाश चालत होती, डोळे अर्धवट मिटून. पाणाडी चालतात तशी. हे तिनं आयुष्यात कधी केलं नव्हतं. कोरकूंच्यात ते नव्हतंच. नारळही तिला खाली आल्यावर नीट माहीत झाला होता.

एका जागी ती थांबली. नारळ हातावर उभा राहिला. म्हणजे तिनं तो उभा केला; निखतला तिच्या मनगटाची हालचाल स्पष्ट दिसली. कोणीतरी पुढे होऊन त्या जागी चुन्यानं फुली मारली. ओमप्रकाश म्हणून जो शेतमालक होता त्यानं अगरबत्ती लावली, आणि मग त्याचं लक्ष निखतकडे गेलं. त्याचा पुतण्या तिच्या कॉलेजात शिकला होता.

"अरे मॅडम, तुमी इथं? बरं झालं. ही जंगलातली बाई हाये, हिले म्हणतात पाण्याचं दिसते. माह्या तीन बोअर वाया गेल्या. तुमीच सांगा, मारू काय इथं?"

निखतनं जमिनीकडे पाहिलं. वर चार बोटं माती, खाली कातळ. अशा ठिकाणी पाणी लागलं तर नशीब. तपासायची यंत्रं असतात, माणसं असतात. एका शब्दात ती सांगू शकली असती. माणिकबाई नारळ पोटाशी धरून उभी होती आणि तिच्याकडे बघत नव्हती. तिच्या पदराच्या टोकाला नुकतीच बांधलेली एक गाठ होती.

"खोदून बघा," निखत म्हणाली.

लोक पांगले. दोघी बांधावरून खोलीकडे निघाल्या.

"आहे का तिथं पाणी, मावशी?"

"मले काय माहीत," माणिकबाई म्हणाली.

"आणि नाही लागलं तर?"

"लागत नाही कोनालेच. तीन बोअर कोरड्या गेल्या त्याच्या, त्या काय मी दाखवल्या होत्या?" ती चालता चालता थांबली, पायात रुतलेला काटा काढला, टाकला. "परवा दुसऱ्यानं बोलावलं हाये. भातकुलीकडचा. तिकडं तर खारंच हाये ना?"

"हो. तिकडं सगळं खारं."

"मंग तिथं सोपं हाये," ती म्हणाली. "कुठं बी उभा केला तरी सारखंच."

खोलीच्या दारात बुधाजीनं दोघींकडे पाहिलं आणि पाय आखडून वाट करून दिली. माणिकबाईनं पदराची गाठ सोडून पैसे सुनेच्या डब्यात टाकले, नारळ फोडला आणि अर्धी वाटी निखतच्या हातावर ठेवली. निखत ती घेऊन दारात बसली. समोर ओमप्रकाशच्या शेताकडे बोअरची गाडी वळत होती, आणि तिच्या मागोमाग धुळीचा लोट घराकडे येत होता.